कलेजीला हळद

साठच्या दशकाची अखेर होती. लोणावळ्याच्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवत असे, तिच्या अध्यक्षांचा खंडाळ्याला बंगला होता. तिथे हवापालटाला उतरलेल्या पाहुण्याने शाळेत एक व्याख्यान दिल्याशिवाय परत जायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. आदल्या वर्षी एका निवृत्त न्यायाधीशांनी सातवीच्या मुलांना वारसाहक्काचा कायदा समजावून सांगितला होता. या एप्रिलमध्ये परदेशातून परतलेले एक प्राध्यापक सापडले. त्यांचा विषय होता पेशींचा संदेशव्यवहार.

विषय खरोखर नवा होता. माणूस घाबरला की रक्तात ॲड्रेनालिन सुटते आणि यकृत साखर सोडते, एवढे आम्हाला ठाऊक होते. नवे होते ते असे, की ॲड्रेनालिन पेशीच्या आत जातच नाही. ते बाहेरच्या आवरणाशी थांबते. आत दुसरेच द्रव्य तयार होते आणि हुकूम पुढे नेते. प्रयोगशाळेतला शिपाई नळ्या धूत होता, त्याला मी हे सांगितले. तो माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, पुण्याच्या वाटेवरच्या घोरावाडी स्टेशनजवळ राहणारा.

“म्हंजी बंगल्यावाणीच की, सर,” तो म्हणाला. “तारवाला फाटकाशी उभा. आत निरोप गडी नेतो. तारवाल्याला साहेब दिसतबी न्हाई.”

प्राध्यापकांना हेच सांगायला पुढे पाऊण तास लागला.

हा शिपाई आठ वर्षे हंगामी होता. दर एप्रिलअखेर त्याला कमी करायचे आणि जूनमध्ये पुन्हा घ्यायचे, अशी रीत होती. यंदा त्याच्या कायम नेमणुकीचा कागद तयार होता. अध्यक्ष तो व्याख्यानानंतर व्यासपीठावरच देणार होते, अर्थात प्रयोग नीट पार पडला तर.

प्रयोगाला ताजी बोकडाची कलेजी हवी होती. लोणावळ्यातली कलेजी सकाळीच खंडाळ्याच्या बंगल्यांवर जाई, त्यामुळे हे काम शिपायाकडे आले. तो घोरावाडीहून सकाळच्या गाडीने कलेजी घेऊन आला, नळाखाली तीनदा धुतली आणि ताटलीत ठेवली. तिच्यावर पिवळसर झाक होती. ती पित्ताची असते, असे मी मुलांना सांगितले, आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतले.

प्राध्यापकांनी मिठाच्या पाण्याच्या दोन नळ्यांत कलेजीचे काप टाकले. एकीत डॉक्टरांकडून आणलेले ॲड्रेनालिन घातले, दुसरीत काहीच नाही. पाऊण तासाच्या व्याख्यानानंतर दोन्हींतले पाणी वेगळे काढून त्यात साखर ओळखण्याचे निळे द्रावण घालायचे आणि ते तापवायचे, असा बेत होता. साखर असेल तर रंग विटकरी होतो.

द्रावण पडताक्षणी रंग विटकरी झाला. स्पिरिटचा दिवा अजून पेटायचा होता.

अध्यक्ष उठले. “निरोप पोचला!” ते गरजले आणि टाळ्या वाजवू लागले. शाळाही वाजवू लागली. त्यांचा एक हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला.

प्राध्यापक मात्र दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून पाहत होते. दोन्हींचा रंग एकच होता. “या कलेजीला काही लावलं होतं का?” त्यांनी मला विचारले.

मला खरोखर ठाऊक नव्हते, पण शंका आली होती. मी दाराकडे पाहिले. शिपाई तिथे उभा होता. त्याने खिशाकडे गेलेला हात पाहिला होता, हेही मला दिसले.

“हळद-मीठ लावलं व्हतं, साहेब,” तो म्हणाला. “उन्हाचं गाडीतनं आणायचं, बर्फ कुटं मिळंना. तसंच आणलं असतं तर वास मारला असता.”

“हळद!” प्राध्यापक म्हणाले. “या द्रावणात सोडा असतो. हळद त्यात तांबडी होते.”

“व्हय. चुना घालून कुंकू करत्यात तसंच,” शिपाई समजुतीने म्हणाला.

पोरे हसली. अध्यक्षांचा हात खिशातून रिकामा बाहेर आला. त्यांनी आभाराचे भाषण केले, त्यात विज्ञान आणि शिस्त यांचा संबंध सांगितला. प्राध्यापक जाताना मला म्हणाले, “पुढच्या वेळी बर्फाची सोय आधी करा.” पुढची वेळ आलीच नाही.

शिपायाने दोन दिवस सुट्टीआधीची आवराआवर केली. कागदाचे नाव त्याने काढले नाही, मीही काढले नाही.

तिसऱ्या दिवशी पुण्याच्या वर्तमानपत्रात बातमी आली. प्रयोग यशस्वी झाला, आणि साहाय्य करणाऱ्या शिपायास अध्यक्षांनी टाळ्यांच्या गजरात व्यासपीठावर कायम नेमणुकीचा कागद दिला, असे तीत होते. अध्यक्ष अशा बातम्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच लिहून पाठवत. दुपारी त्यांच्या गड्याने तो कागद माझ्याकडे आणून दिला. सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

मी शिपायाला बातमी वाचून दाखवली आणि कागद पुढे केला. त्याने लेखणी घेतली, पण टेकवली नाही.

“पर सर, प्रयोग तर फसला.”

“छापून आलंय, भाऊ.”

“आन् म्या हळदीचं सांगितलं ते?”

“ते नाही आलं.”

“खरं सांगितलं म्हणून गेलंतं,” तो म्हणाला, “आन् आता खोटं छापलं म्हणून आलं. ह्याच्यावर सही कराया लाज वाटती बगा.”

मी त्याला सही कुठे करायची ते बोटाने दाखवले.