दोन्ही पायांना प्लास्टर

ज्या सकाळी आमच्या चढाईपटूच्या दोन्ही पायांना प्लास्टर घातल्याची बातमी पेपरात आली, त्या सकाळी तो पेणच्या एसटी स्टँडसमोर एका हॉटेलात आमच्याबरोबर बसून मिसळ खात होता. पाय टेबलाखाली होते. मी वाकून बघितलेसुद्धा, कारण छापलेलं खरं मानायची सवय आपल्याला शाळेपासून लावलेली असते. डाव्या पायात चप्पल, उजव्या पायात चप्पल, उजव्या गुडघ्यावर पँटीच्या आत क्रेप बँडेजचा फुगवटा. संपलं.

"मोठ्यानं वाच," असं कोणी म्हणायच्या आधीच खारेपाटातल्या आमच्या मित्रानं पेपर उचलला होता. त्याच्या घरची मिठागरं. बोलण्यातही खारटपणा घरचाच. टीव्हीवरच्या बातमीदाराचा आवाज काढून तो वाचू लागला, "पेणचा धडाडीचा चढाईपटू जायबंदी. दोन्ही पायांना प्लास्टर. कारकीर्द संपुष्टात, प्रश्नचिन्ह."

"प्रश्नचिन्ह हाय ना? मग आशा हाय अजून," ज्याची कारकीर्द संपली होती तो म्हणाला आणि त्यानं आणखी एक पाव मागवला.

झालं होतं ते एवढंच. रोह्याला आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा अंतिम सामना होता, आमचं कॉलेज विरुद्ध रोह्याचं. शेवटच्या काही चढायांत त्यांच्या कोपरारक्षकानं आमच्या गड्याचा पाय धरला, वरून बाकीचे पडले आणि गुडघा पिळला गेला. सामना आम्ही हरलो. डॉक्टरनी एक्स-रे काढून सांगितलं, हाड शाबूत आहे, सांध्याचा बंध ताणलाय, महिनाभर विश्रांती घे, मग हळूहळू पळायला लाग. प्लास्टर हा शब्द त्या दवाखान्यात कोणी उच्चारलाही नव्हता.

मग पेपरात फोटो छापला होता तो कुठून आला? फोटोत तो स्वतःच होता, पोत्यावर बसलेला, आणि त्याचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत पांढरेफटक. आम्ही बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिलो. मग खारेपाटवाल्यानं बोट ठेवलं, "ह्याच्या खांद्यावर हे काय आलंय?" खांद्याच्या मागून एक गुबगुबीत, वळलेलं टोक डोकावत होतं. सोंड!

मग सगळा उलगडा झाला. आमचा गडी पेणजवळच्या जोह्याचा. जोह्यात घरटी गणपतीचा कारखाना, आणि कारखान्यात काथ्या प्लास्टरमध्ये बुडवून साच्यात बसवणाऱ्या माणसाचे पाय दुसऱ्या कुठल्या रंगाचे असणार? आदल्या वर्षी त्याच पेपरानं गणेशोत्सवाच्या पुरवणीत ‘मूर्तिकलेतील तरुण हात’ म्हणून त्याचा फोटो छापला होता. ह्या वर्षी वार्ताहरानं तोच बाहेर काढला, हात सोडून पाय वापरले, आणि गणपती कापला. बाप्पानं तरी सोंड हलवायची नव्हती, म्हणजे पुरता कापला गेला असता.

मी तेव्हा पत्रकं लिहायची. एसटीच्या पासासाठी, खारेपाटाच्या पाण्यासाठी, कंत्राटी कामगारांसाठी. माझ्या पत्रकात ‘जाहीर निषेध’ आणि ‘खपवून घेतले जाणार नाही’ हे दोन ठरलेले पाहुणे असत. पण ह्या वेळी निषेध लिहायला बसले आणि हसूच आवरेना. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गेटवर आम्ही पत्रक डकवलं ते असं:

‘खळबळजनक! जोहे व हमरापूर परिसरात हजारो रुग्ण प्लास्टरमध्ये. दोन्ही पायांना, चारही हातांना, पोटाला व सोंडेला प्लास्टर. सर्वांची प्रकृती स्थिर. भाद्रपदात डिस्चार्ज. दीड दिवसांच्या रुग्णांना प्राधान्य. उंदीर किरकोळ जखमी.’

पोरं गेटवर थांबून वाचायची आणि आत जाऊन पुन्हा बाहेर यायची. त्याला तर प्रत्येकजण विचारायचा, "काय रे, विसर्जन कधी?" तो म्हणायचा, "रंग बाकी हाय अजून."

मग एक दिवस त्याचं हसणं थांबलं. क्रीडाशिक्षकांनी त्याला खोलीत बोलावलं. रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीचा कबड्डी संघ होता. संघात घेतलेल्या पोरांना कंपनी कायम कामावर घेत असे. अंतिम सामना बघायला त्यांचा माणूस आला होता आणि सरांना म्हणून गेला होता, हा मुलगा निवड चाचणीला पाठवा. चाचणी दीड महिन्यानं होती, तोवर गुडघा बरा होणार होता. आता त्या माणसाचा फोन आला होता, की पेपर वाचला, वाईट वाटलं, मुलाला पाठवू नका, बरा झाला की पुढं कधीतरी बघू.

"सर, मी तुमच्यासमोर उभा हाय," तो म्हणाला.

"मला दिसतोयस रे," सर म्हणाले. "मी त्यांना तेच सांगितलं. ते म्हणाले, सर, तुम्ही तुमच्या पोराची बाजू घेणारच. पेपरवाला कशाला खोटं छापेल?"

हे शेवटचं वर्ष होतं. कॉलेज सुटलं की संघ सुटणार, आणि संघ सुटला की त्याला बघायला कुठल्या कंपनीचा माणूस जोह्याच्या कारखान्यात येणार नव्हता. त्याच्या थोरल्या भावाची छाती प्लास्टरच्या भुकटीनं धरली होती. कंपनीच्या गेटमधून आत जायचं हे एकच दार होतं आणि ते पेपरानं बाहेरून लावलं.

मला वाटलं होतं, पेपर दुरुस्ती छापेल. पण पेपरानं दुसराच भाग काढला: विचारपूस. आपल्याकडे माणूस जखमी झाला की जखम राहते बाजूला आणि विचारपूस सुरू होते. एक पुढारी, त्यांचे कार्यकर्ते आणि तो वार्ताहर जोह्याला येणार असल्याचा निरोप त्याच्या घरी आला. वार्ताहराला गाठावं म्हणून मी आणि खारेपाटवालाही गेलो.

पुढारी फळांची करंडी घेऊन आत आले तेव्हा रुग्ण ओट्यावर बसून साचा पुसत होता. पाहुणे बघून तो उठून उभा राहिला. तिथंच घोटाळा झाला. करंडी धरलेला कार्यकर्ता जागच्या जागी थिजला.

"पेशंट कुठाय?" पुढाऱ्यांनी विचारलं.

"मीच," तो म्हणाला.

पुढाऱ्यांनी वार्ताहराकडे बघितलं. वार्ताहरानं पायांकडे बघितलं. पाय कुणाकडं बघणार? उघडेच होते. मग एका कार्यकर्त्यानं तोडगा काढला. त्याच्या आईला म्हणाला, "मावशी, ह्याला खाटेवर झोपवा आणि पायावर चादर टाका हो जरा. फोटोपुरतं."

"चादर कशाला?" आई म्हणाली. "मेलाय काय तो?"

"तसं नाय हो, पेपरात प्लास्टर आलंय ना..."

"मग पेपरावर टाका चादर. माझ्या पोराचे पाय धड हायत. गावानं बघू दे." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "काय गो, तू शिकलेली हायस ना? ह्यांना सांग काहीतरी."

मी पाच मिनिटं बोलले. माझ्या मते तडाखेबंद बोलले. पुढाऱ्यांनी मान डोलावली, "युवाशक्ती," म्हणाले, करंडी त्याच्या हातात दिली आणि फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला. कमरेच्या वर. खाली ‘प्लास्टरमधील खेळाडूस धीर’, आणि मग ‘याप्रसंगी उपस्थित’ म्हणून दोन रकाने नावं. सगळ्यांची होती. करंडी धरणाऱ्याचं होतं. जखमीचं तेवढं राहून गेलं होतं.

"बरं झालं," खारेपाटवाला म्हणाला. "आता पाय कुणाचे ते तरी कळणार नाय."

चाचणी जवळ आली तसे आम्ही तिघं वार्ताहराला भेटायला रोह्याला गेलो. बाजारपेठेत त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्यात तो विमा उतरवायचा, वाढदिवसाच्या जाहिराती घ्यायचा, आणि उरल्या वेळात ‘खास प्रतिनिधी’ असायचा. माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला. हेच चिडवणारं होतं.

"दुरुस्ती छापा," मी म्हणाले.

"ताई, दुरुस्ती छापली तर पहिली बातमी खोटी ठरते."

"ती खोटीच आहे."

"खोटी नाय म्हणता येणार. जुनी म्हणा."

"अहो, पाय समोर हायत तुमच्या!" खारेपाटवाला ओरडला. "हात लावून बघा. नख मारून बघा. पोपडा निघतो काय!"

वार्ताहर बिलकूल रागावला नाही. त्यानं पेन काढलं आणि डोळे बारीक करून हवेत बघितलं. "असं करू. चमत्कार छापतो. ‘जिद्दीपुढे प्लास्टर हरले! डॉक्टरही थक्क!’ पहिल्या पानावर घ्यायला सांगतो. कंपनीवाले पण वाचतील. काय?"

मी तोंड उघडलं होतं, पण माझ्या आधी तो बोलला. तो म्हणजे आमचा गडी.

"चमत्कार नको," तो म्हणाला. "प्लास्टर निघालं म्हणून छापलंत, तर होतं म्हणून नक्की झालं. मोडलेलं हाड सांधलंय म्हणतील. सांधलेल्या हाडाला संघात कोण घेतोय? तुम्ही छापायचं तर एवढंच छापा, प्लास्टर नव्हतं."

"त्यात बातमी काय?" वार्ताहर मनापासून म्हणाला. "नव्हतं, ही काय बातमी झाली?"

चहा अर्धा टाकून आम्ही उठलो. स्टँडकडं येताना त्या अंतिम सामन्यातला कोपरारक्षक भेटला, ज्यानं पाय धरला होता तोच. तोंड उतरलेलं. त्याच्या कॉलेजातली पोरं त्याला ‘हाडमोड्या’ म्हणून चिडवत होती आणि एका पोरीनं तर त्याच्याशी बोलणंच सोडलं होतं. त्यानं आमच्या गड्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तुला तर काय पण झालं नाय!"

"गुडघा सुजला होता."

"गुडघा? अरे, मी तुझे दोन्ही पाय तोडल्यागत झोपत नाय महिनाभर!" आणि त्यानं बाजारपेठेच्या दिशेनं तोंड करून अशी एक शिवी हासडली की मी माझ्या पत्रकलेखनाच्या मर्यादा ओळखल्या. चाचणीला तोही जाणार होता. "चल माझ्यासंगं," तो म्हणाला. "बोलावलं नसलं तरी चल. मी सांगतो त्यांना. पाय मी धरला होता, पेपरवाल्यानं नाय."

तसे चाचणीच्या दिवशी आम्ही सगळेच, सरांनाही घेऊन, धाटावला गेलो. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून कंपनीचा माणूस बसला होता. पूर्वीचा खेळाडू, कान मोडलेले, पोट सुटलेलं. त्यानं मान वर केली.

"तू तो प्लास्टरवाला ना?"

"नाय साहेब. चढाईवाला."

कोपरारक्षकानं साक्ष दिली. सरांनी डॉक्टरांनी काढलेला एक्स-रे उजेडात धरून दाखवला. कंपनीच्या माणसानं तो एक्स-रे बघितला, पाय बघितले, आणि म्हणाला, "उठाबशा काढ." गडी उठाबशा काढू लागला. माणूस त्याच्या गुडघ्याकडं बघत राहिला, थांब म्हणाला नाही. मला वाटलं, आता हा खरंच जायबंदी होईल आणि पेपर खरा ठरेल. शेवटी तो म्हणाला, "बस. एक चढाई."

समोरच्या बचावफळीत कोपऱ्यावर कोण उभं राहिलं, तर तोच कोपरारक्षक. गडी आत गेला, डावीकडं झुकला, उजवीकडं पाय टाकला, आणि कोपरारक्षकानं तोच पाय, तोच घोटा, तसाच धरला. सगळे त्याच्यावर पडले. पकड झाली. मग ढिगाऱ्याखालून तो बाहेर आला, गुडघ्यावरची माती झटकली आणि उभा राहिला.

"साल्या, इथं तरी सोडायचा होतास!" खारेपाटवाला कडेवरून ओरडला.

"सोडला असता तर तो काय म्हणाला असता?" कोपरारक्षक खुर्चीकडं मान करून म्हणाला.

खुर्चीतल्या माणसानं हातानं खूण केली, आणखी एक. दुसऱ्या चढाईत गड्यानं बोनसचा गुण घेतला आणि परतताना एकाला हात लावला. तिसरी मागितलीच नाही. दोघांनाही घेतलं. कोपरारक्षकाला संघात, आमच्या गड्याला राखीव म्हणून, पण कामावर दोघंही कायम.

आठवड्यानं पेपरात बातमी आली. ‘आमच्या वृत्ताची दखल! जखमी खेळाडूस अखेर नोकरी.’ आत लिहिलं होतं, की दै. अमुकनं सातत्यानं हा प्रश्न लावून धरला, त्याचंच हे फलित. फोटो तोच. फक्त ह्या वेळी सोंडेचं टोक नीट कापलेलं. म्हणजे पेपर अगदीच सुधारत नाहीत असं नाही.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. माझं आतापर्यंतचं सगळ्यात धारदार. त्यात त्याचा गुडघा होता, भावाची छाती होती, चादर होती, आईचं वाक्य जसंच्या तसं होतं. छापायला द्यायच्या आधी त्याला दाखवलं. तो स्टँडवर धाटावच्या गाडीची वाट बघत उभा होता. त्यानं सगळं वाचलं, चादरीपाशी हसला, आणि कागद घडी घालून मला परत दिला.

"भारी हाय. पण मला काढ ह्यातनं."

"अरे, तुझ्यासाठीच तर..."

"व्हय, कळतंय. पेपरात नको आणि पत्रकात पण नको. तिथं कंपनीत सगळे मला बघितलं की आधी पायाकडं बघतात. त्यांना विसरू दे."

मी वाद घातला. म्हणाले, गप्प बसलास म्हणून तर त्यांचं फावतं. तो म्हणाला, "मी कुठं गप्प बसलो? उठाबशा काढल्या की." तेवढ्यात गाडी लागली आणि तो दाटीत घुसला. एका हातात डबा, दुसऱ्या हातानं दांडा धरून, उजवा पाय आधी वर टाकून.

पत्रक आम्ही काढलं. त्याच्याशिवाय. पेपर, वार्ताहर, चमत्कार, दखल, सगळं ठेवलं, गुडघा काढून टाकला. खारेपाटवाला म्हणाला, आता ह्यात मजा नाय राहिली. नव्हतीच. तरी मी तेच गेटवर वाटलं.