सूर्यमाळचे खेकडे आणि सावलीतली पाहणी

नवसूनं बावीस वर्षं ठाण्याकडे पाइपलाइनीचे चर खणले. कोण राबतोय आणि कोण नुसता उभा आहे, हे त्याला पाठ फिरवूनही कळतं.

मे महिन्यात भर दुपारी सूर्यमाळच्या ओहळावर पाहणीचे साहेब आले. ते उभे होते. दहा मिनिटं कोरडे दगड पाहून त्यांनी कागदावर लिहिलं, ‘खेकडे नाहीत.’

ओहळात जीव नाही असं ठरलं की यंत्र येऊन काठ खरवडणार, तळाला सिमेंट ओतणार. पावसाळ्यात मजुरी थांबली की नवसूच्या घरी याच काठच्या खेकड्यांचं कालवण होतं.

“साहेब, हायत. खाली गेलेत.”

“पोशेऱ्याच्या ओहळात तर वरच दिसले, मामा.”

“तिथं ओल हाय. तिथला खेकडा वीतभर खणतो न् आळसावतो. इथं पाणी खाली पळतं, त्याच्यामागं हा खणत जातो.”

नवसूची बायको पोशी डोक्यावर हंडा घेऊन आली. “आम्ही पाण्यामागं दोन मैल जातो. खेकडा काय बसून ऱ्हाईल?”

नवसूनं कोळ्याची जाळी धरलेली बिळं सोडली. तोंडाशी ताज्या चिखलाच्या गोळ्या होत्या ते बीळ धरलं. पहारीनं तासभर खणलं. साहेब मोहाच्या सावलीत बसून पाहणी करत होते.

मग नवसूनं खांद्यापर्यंत हात घातला आणि रिकामाच काढला. “मादी हाय. पोटाखाली पिल्लं.”

“काढा! बाटलीत घेऊ.”

“पिल्लांची मादी आमच्यात काढत नाय. ती काढली तर पुढच्या साली काय खायाचं?”

“मग पुराव्याशिवाय ‘नाहीत’च राहणार.”

“पुरावा आत हाय. हात घाला.”

पोशीनं हंडा खाली ठेवला. बाईमाणूस बघतंय म्हटल्यावर साहेबांना बाही वर सारावी लागली. ते तापल्या मातीवर पालथे झाले. दिवसभरातलं त्यांचं पहिलंच काम.

“काही नाही.”

“कोपरापर्यंतच गेलाय. खांदा टेकवा. खेकड्यानं केली त्याच्या निम्मी तरी मेहनत करा.”

साहेबांनी खांदा टेकवला आणि पुढच्या क्षणी असे किंचाळले की मोहावरचे कावळे उडाले.

नवसूनं बिळावर पाला सारून अलगद माती लोटली. साहेबांनी उजव्या हाताचं बोट तोंडात धरून डाव्या हातानं ‘नाहीत’ खोडलं, वाकडंतिकडं ‘आहेत’ लिहिलं.

“किती लिहू?”

“शेजारी तीन बिळं हायत. मोजता?”

साहेबांनी घाईघाईनं लिहिलं, ‘भरपूर.’