ताईला मी दवाखान्यात नेलं

माझी थोरली बहीण लोकांना गाडी चालवायला शिकवते. निम्मं गाव तिच्या हाताखालून गेलंय, पण सख्ख्या बहिणीला शिकवताना तिचा पारा चढतो. "क्लच आहे तो, पायपुसणं नाही!" हे रोजचंच. स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो सुरू झाली, केस गेले, जीभ मात्र शाबूत राहिली.

एक मात्र झालं. नवीन माणसं शिकायला घेणं तिने बंद केलं. म्हणायची, "उगाच कुणाला अर्ध्यावर सोडून जायला नको." मला भयंकर राग यायचा. म्हणून तर मीच तिच्या शेजारी जाऊन बसले, शिकव म्हटलं!

त्या सकाळी भर चौकात मी गाडी बंद पाडली, तरी ताईचं तोंड सुटलं नाही. बघते तर बाई घामाने डबडबलेली, हात छातीवर.

"केमोची जळजळ आहे गं. पहाटेपासून होतेय. घरी चल."

"घरी काय घरी? गप्प बस!" म्हटलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला न विचारता गाडी वळवली. सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये, हॉर्नवरचा हात न काढता.

हार्ट अटॅकच निघाला. हृदयाचे डॉक्टर जरा घुटमळले. केमोमुळे प्लेटलेट्स कमी झालेल्या. ब्लॉक उघडून स्टेंट टाकायचा तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आल्या, आणि त्यात रक्तस्राव झाला तर?

ताई पडल्या पडल्या म्हणाली, "राहू द्या हो. कॅन्सरच्या बाईसाठी कशाला एवढी धावपळ?"

माझं डोकंच फिरलं. "तिचं काही ऐकू नका! तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावा आधी!"

लावला. बाई पलीकडून खणखणीत बोलल्या, "कॅन्सर आटोक्यात येतोय. प्लेटलेट्स इतक्याही कमी नाहीत. उघडा ब्लॉक."

मनगटातून नळी घालून त्यांनी तो उघडला. गोळ्या जपून आणि थोडेच महिने द्यायचं ठरलं.

संध्याकाळी ताईने डॉक्टरांना विचारलं, "हे स्टेंट प्रकरण टिकतं किती?"

"टिकेल की बरीच वर्षं," ते केसपेपर चाळता चाळता म्हणाले.

कॅन्सर कळल्यापासून सगळे तिच्याशी पुढच्या केमोपर्यंतचंच बोलत होते, मीसुद्धा. वर्षांची गोष्ट कुणी काढलीच नव्हती. ताईने चादर तोंडावर ओढली आणि हमसून हमसून रडली. मग मीही रडले, नर्स येऊन दोघींना रागावेपर्यंत.