ती मला खालती म्हणायची

मी चौथी शिकलेली बाई. आमचे मालक लंडनच्या एअरपोर्टवर सामान चढवायचे. ते गेल्यावर मी हाउन्सलोजवळच्या एका टेनिस क्लबात टॉवेल धुवायला लागले. लाँड्री तळघरात, खाली सगळं सिमेंट. गुडघे तिथंच गेले. त्याचं काही नाही, कुठंतरी जायचेच होते.

क्लबातल्या बायका मला डार्लिंग म्हणायच्या. इतक्या वर्षांत एकीलाही माझं नाव आलं नाही. एकमेकींच्या कुत्र्यांची नावं मात्र पाठ.

दर जूनला तिथं स्पर्धा असायची, तिला मोरोक्कोची एक पोरगी यायची. टेनिस हाच तिचा धंदा, पण मोठ्यांतली नव्हे. मोठ्यांबरोबर चारचार माणसं फिरतात. ही एकटी, बॅग ओढत, बसनं. तिच्याकडं लाल मातीत खेळतात, इथं गवत. पहिल्याच मॅचला हरायची आणि जायची. रंगानं माझ्यासारखी, म्हणून मॅनेजरबाईनं एकदा मला विचारलं, "युवर डॉटर?"

मी म्हटलं, "नो. युवर्स?"



पोरगी मात्र मला 'खालती' म्हणायची. टॉवेल प्लीज, खालती. थँक्यू, खालती. मला वाटायचं, तळघरात राबते म्हणून ही मला खालची म्हणते. सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "अहो आई, तिला मराठी कुठून येणार?"

"अपमान करायला भाषा कशाला लागते?" मी म्हटलं. चार वर्षं त्या पोरीला मी हटकून खरखरीत टॉवेल दिला.

मग एका वर्षी आली ती खांद्याला पट्टी लावूनच. रँकिंग घसरलेलं, तिशी ओलांडलेली. "धिस टाइम लूज, फिनिश," म्हणाली. घरी जाणार, पोरं शिकवणार.

मी म्हटलं, "ओके." दुसरं काय म्हणणार.

मॅचच्या सकाळी तिचे बूट गायब. गवतावरचे बूट वेगळे, तळाला बारीक पुळ्या असतात. ते नसले तर कोर्टावर पाय ठेवू देत नाहीत. नाव पुकारून झालेलं, दहा मिनिटांत उतरली नाही तर बाद. पोरगी रडकुंडीला येऊन मला हाका मारतेय, "खालती, खालती."

मला वाटलं, खाली आहेत म्हणते. उतरले गुडघे धरून. आणि होते तिथंच. मॅनेजरबाईनं आदल्या दिवशी बाकाजवळचं सगळं टाकायच्या पिशवीत भरून खाली पाठवलं होतं. कुणाचं आहे, विचारायचं नाही. ह्यांची साफसफाई ही अशी.

बूट दिले तर पोरगी बघतच राहिली. "हाउ यू नो?"

"यू सेड. खालती. डाउन."

लेस बांधता बांधता तिला हसू आवरेना. त्यांच्यात आईच्या बहिणीला तसं म्हणतात म्हणे. म्हणजे मावशी. आणि मी हिला खरखरीत टॉवेल देत होते. माझ्याच डोक्याला म्हणावं काय.

मी टॉवेलांची ट्रॉली घेऊन कुंपणाशी उभी राहिले. पहिला सेट हरली. दुसऱ्यात दोनदा पडली, उठली, घेतला. तिसरा कसाबसा ओढून घेतला, मॅच जिंकली. मॅनेजरबाई लगेच सगळ्यांना सांगत सुटली, आमच्या क्लबानं तिला किती सांभाळलं ते.

दुसऱ्या दिवशी पोरगी सरळ हरली. क्लबातल्या एकीनं विचारलं, "सो, रिटायरिंग, डार्लिंग?"

"नो. नेक्स्ट वीक जर्मनी," पोरगी म्हणाली, आणि बॅग ओढत बस पकडायला गेली.