मी बदललेलं झाकण

हसायचं नाही, आधीच सांगतो. हसणारच असाल तर चहाचा कप खाली ठेवा, म्हणजे निदान माझा सदरा तरी वाचेल.

मी केडगावात राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो. आणि मला एक आजार आहे. घरातलं काहीही बिघडलं की मिस्त्रीला बोलवायचं नाही! मिक्सर मीच दुरुस्त केला. तो आता माळ्यावर आहे. नळ मीच दुरुस्त केला. त्याच्याखाली आता कायमची बादली आहे.

तर झालं काय, आमच्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण तडकलं. गाडीत बसलं की नुसता वास! सुनीता, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, "गॅरेजवाला दोन मिनिटांत बसवून देईल."

"दोन मिनिटांच्या कामाला गॅरेज? अगं, झाकण आहे ते. लोणच्याच्या बरणीचं काढतात तसं काढायचं!"

"ते तरी तुम्हाला कुठं निघतं?"

असला अपमान झाल्यावर माणूस मागे हटेल का? मी ऑनलाइन झाकण मागवलं. तेही साधं नाही, किल्लीवालं! साधं काय, कुणीही बसवतो. वर तीन व्हिडिओ पाहिले. एवढा अभ्यास मी बी.एड.लाही केला नव्हता.

रविवारी सकाळी बनियनवरच बाहेर आलो. दारात लिंबाखाली पांढरी गाडी उभी. टाकीचं दार दाबलं, उघडलं. जुनं झाकण फिरवून काढलं. ते एका प्लास्टिकच्या पट्टीनं गाडीला बांधलेलं होतं, ती कात्रीनं कचकन कापली. नवं झाकण बसवलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात!

जुन्या झाकणाला तडा काही दिसेना. पण जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्यावरच तर विज्ञान उभं आहे! तेवढ्यात घंटागाडी आली. दिलं भिरकावून कचऱ्यात.

तासाभरानं फोन वाजला. शेजारचे अण्णा. मूळचे सोनईचे, कांद्याचे व्यापारी, आवाज असा की फोन नसता तरी ऐकू आला असता.

"गुरुजी, घात झाला! पोरीच्या लग्नाची सुपारी हाय म्हनून जामखेडला निघाल्तो. पंपावर आलो तर टाकीच्या झाकनाला कुनीतरी कुलूप ठोकलंय!"

"कुलूप?"

"व्हय! आन् किल्लीचा पत्त्या न्हाई! काटा पार तळाला गेलाय. तिकडं बाराला पाव्हनं वाट बघत्यात!"

तुम्हाला वाटेल, माझ्या डोक्यात लगेच प्रकाश पडला असेल. छे हो! मी खुर्चीत ताठ बसलो आणि व्याख्यानच सुरू केलं. "अण्णा, ही चोरांची नवी पद्धत आहे. आधी गुपचूप कुलूप लावतात."

"आन् मग?"

"मग… पुढचं करतात."

"पुढचं म्हंजी काय?"

"ते तपासात कळेल. तुम्ही थांबा, मी येतो!"

निघायच्या आधी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर टाकलं: 'सावधान! केडगावात टाक्यांना कुलूप लावणारी टोळी!' बघता बघता सगळी गल्ली आपापल्या गाडीचं झाकण तपासायला बाहेर. गल्लीच्या टोकाला एक नवे भाडेकरू आलेत, त्यांनी लिहिलं, 'सकाळी गच्चीवरून पाहिलं. एक टक्कलवाला, बनियनवर, हातात कात्री घेऊन गाडीशी चाळे करत होता.'

मी लगेच उत्तर दिलं, 'असल्या माणसाला धरून चोपलं पाहिजे!'

खाली बावीस अंगठे.

मी बाहेर आलो तर लिंबाखाली गाडीच नाही! "सुनीता, आपली गाडी पण नेली गं टोळीनं!"

"ओरडू नका. काल लिंबाखाली अण्णांची गाडी होती, म्हणून मी आपली मागच्या बोळात लावली."

अण्णांची गाडी. तीही पांढरी. त्याच कंपनीची.

माझा हात हळूच खिशात गेला. किल्ली होती.

वर्गात पोरांच्या कानीकपाळी ओरडतो, आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. आणि स्वतः? वीतभर अंतरावरची नंबर प्लेट वाचली नाही! सुनीतानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाली, "पोरीची सुपारी मोडली तर आपण केडगाव सोडायचं."

पंपावर पोचलो तर अण्णा कुणाचा तरी हातोडा घेऊन टाकीपुढे उभे. भोवती ही गर्दी! नवरीमुलगी भरजरी साडीत रडकुंडीला आलेली. खरं सांगायची हीच वेळ होती. पण त्या हातोड्याकडे पाहून मी नुसती किल्ली पुढे केली.

"थांबा अण्णा! माझ्याकडे एक जुनी किल्ली आहे. लागते का बघू."

खट्! पहिल्या फटक्यात उघडलं.

टाळ्या पडल्या हो! अण्णांनी मला मिठीत घेऊन अक्षरशः उचललं. "गुरुजी, तुमी मानूस न्हाईत, देव हायेत देव!"

"कसचं, कसचं," मी म्हणालो. "थोडं विज्ञान असतं त्यात." निर्लज्जपणा म्हणतात तो हाच. (सुपारी बाराच्या ठोक्याला फुटली, काळजी नको.)

पेट्रोल भरणं सुरू झालं तरी अण्णा मला खाली सोडेनात. इतक्यात गाडीच्या मागच्या खिडकीचा पडदा सरकला आणि अण्णांच्या म्हाताऱ्या आईनं झोपेतून उठून डोळे चोळत डोकं बाहेर काढलं.

"आरं, देव कसला? सकाळच्याला ह्येच तर लावीत हुते त्ये कुलूप. मी आवरून कवाची गाडीतच बसल्याली."

अण्णांनी मला हळूच खाली ठेवलं. "आये, मग तवाच बोलली का न्हाईस?"

म्हातारीनं मला टकलापासून चपलेपर्यंत न्याहाळलं.

"मला वाटलं, येवढा शिकल्याला मानूस हाय, इचार करूनच करत आसंल."