चिकूला नख

चिखल्याला मी चिकूच्या चिप्सचं दुकान काढलं, तेव्हा गर्दी जमवायला वापीहून एक फुगेवाला बोलावला होता. त्याने पंख्याने हवा भरून दुकानापुढे दोन पुरुष उंचीचा कापडी चिकू उभा केला. माणसं जमली आणि जो तो जवळ जाऊन त्याला नखाने खरवडू लागला. सालीखाली हिरवं दिसलं तर फळ कच्चं, ही आमच्याकडची जन्माची सवय.

फुगेवाला धावला. "अरे काका, कापड आहे! फाटलं तर खाणार काय मी? एकच आहे माझ्याकडे. उद्या हाच उधव्याला उभा करायचाय."

"मग पिकलेला आणायचा ना!" एक बागायतदार म्हणाला.

फुगेवाला चिडला नाही. माझ्याकडून चिकूंनी भरलेली पाटी मागून घेतली आणि फुग्यापुढे स्टूल टाकून बसला. येईल त्याच्यापुढे तो खरा चिकू धरायचा. "नख इथे लावा, मामा." चिकू हातात घेतलेली माणसं मग दुकानातही डोकावली.

संध्याकाळी हवा काढल्यावर त्याने सगळं कापड तळहाताने चाचपलं. कुठे फाटलं नव्हतं. जाताना मी त्याला पिशवीभर चिकू दिले. त्याने वरचाच उचलला, नखाने खरवडला आणि मला परत दिला.

"ताई, हा बदलून द्या. कच्चा आहे."