संत्र्याचा उलटा केक

लेक पुण्याहून आली तेव्हा तिच्या पिशवीतून आधी केकचा गोल डबा निघाला, मग लोण्याची पाकिटं आणि शेवटी टॉवेलात गुंडाळलेली एक चपटी बाटली. ती पुण्यात एका केकच्या दुकानात काम करते, आतल्या बाजूला, ओव्हनपाशी. तिच्या बाबांना त्या आठवड्यात साठ पूर्ण होत होते. केक विकत आणायचा नाही, मीच येऊन करणार, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. बाटलीचं काही बोलली नव्हती.

"हे काय आणलंस?"

"रम आहे. संत्र्याचा उलटा केक करायचाय. डब्याच्या तळाला कॅरमेल ओतायचं, त्यावर संत्र्याच्या चकत्या लावायच्या, वरून पीठ. भाजून झाला की ताटात उलटा करायचा, म्हणजे चकत्या वर येतात. त्या कॅरमेलमध्ये दोन चमचे रम."

"आणि बसमधून घेऊन आलीस? दारूबंदीच्या वर्ध्यात?"

"एवढीशी तर आहे, आई. तापवल्यावर बरीचशी उडून जाते. वास तेवढा राहतो."

ह्यांनी आयुष्यात कधी दारूला हात लावलेला नाही. बाटली लांब धरून त्यांनी तिच्यावरची सगळी अक्षरं वाचली आणि म्हणाले, "आपल्या नालवाडीत पोलिसांची चिंता नाही. समोरच्या काकूंच्या नाकाची आहे." मग झाडांना पाणी घालायला निघून गेले.

मीही हसण्यावारी नेलं असतं. पण वाढदिवसाला माझी माय येणार होती.

माय समुद्रपूरजवळच्या आमच्या गावी भावाकडे असते. ऐंशीच्या पुढे गेली आहे, पण अजून ताठ चालते. आमच्या लहानपणी गावाबाहेरच्या नाल्यात गुळाची दारू गाळायचे. बंदी जिल्ह्याला होती, नाल्याला नव्हती. माझे वडील बाजाराच्या दिवशी तिथूनच पिऊन यायचे. एका उन्हाळ्यात गावातल्या बाया काठ्या घेऊन नाल्यात उतरल्या आणि सगळी मडकी फोडून आल्या. त्यांत माय पुढे होती. गावात अजूनही म्हाताऱ्या बाया ती गोष्ट सांगतात, आणि माय तिथे बसलेली असली की पदर सारखा करून दुसरीकडे बघते. अशा बाईच्या पुढ्यात रमचा केक ठेवायचा?

"नको टाकू," मी लेकीला म्हटलं. "आजीला चालणार नाही."

"बरं. संत्र्याचा रस टाकते," ती म्हणाली आणि बाटली फळीवर मागे सरकवून ठेवली. इतक्या पटकन मानेल असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, वाढदिवसाच्या दुपारी, आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या होतो. संत्री आष्टीकडची होती, ह्यांच्या मित्राच्या बागेतली, पातळ सालीची आणि रसाळ. लेक धारदार सुरीनं चकत्या करत होती आणि मी सुरीच्या टोकानं बिया काढत होते. तिनं कढईत साखर टाकली. कडेची साखर आधी विरघळली, मग मधली. रंग मधासारखा झाला, मग जरा गडद. तिनं लोणी घातलं. जळत्या साखरेचा वास वर आला आणि माझा बिया काढणारा हात थांबला.

"टाक ती रम," मी म्हटलं.

"आजी?"

"आजी संध्याकाळच्या बसनं येईल. तोवर वास जाईल. तिच्यासाठी शिरा करू."

लेकीनं गॅस बंद केला, मला मागे सरायला सांगितलं आणि कढईत रम ओतली. चर्र आवाज झाला, फेस वर आला आणि वास सगळ्या स्वयंपाकघरात पसरला. तो नाल्यातल्या दारूचा वास नव्हता, पण त्याच घराण्यातला होता. गूळ, धूर आणि काहीतरी आंबलेलं. मी डोळे मिटले.

मला तो वास हवा होता. इतकी वर्षं मी कोणाला हे सांगितलं नव्हतं. माझे वडील एरवी बोलत नसत. शेतातून यायचे, जेवायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. आम्हा भावंडांची नावं तरी त्यांना नीट माहीत आहेत का, असं वाटायचं. पण बाजाराच्या दिवशी ते पिऊन येत आणि ओसरीवर आमच्यासाठी गावातल्या एकेका माणसाची चाल करून दाखवत. पोस्टमन कसा चालतो, पाटलीणबाई कशी चालते, आमचा डावा बैल कसा चालतो आणि त्याच्यामागे ते स्वतः कसे चालतात. आम्ही हसून हसून लोळायचो. मग ते मला उचलून खांद्यावर बसवत आणि त्यांच्या केसांतून, सदऱ्यातून तो वास येई. मडकी फुटली, त्यांचं पिणं सुटलं आणि त्या संध्याकाळीही संपल्या. पिणं सुटलं ते चांगलं झालं, एवढं कळण्याइतकी मी मोठी होते. तरी मी पुष्कळ दिवस ओसरीवर बसून वाट बघत असे.

हे सगळं मी लेकीला सांगत होते. ती चकत्या गोल गोल लावत ऐकत होती. पीठ ओतून तिनं डबा ओव्हनमध्ये सरकवला, आणि तेवढ्यात फाटक वाजलं. भावाला वर्ध्यात काम निघालं होतं, म्हणून तो मायला गाडीनं घेऊन आला होता. तिला दारात सोडून तसाच पुढे गेला.

मायनं चपला काढल्या, पाय धुतले आणि सरळ स्वयंपाकघरात आली. उंबऱ्यावरच थांबली.

"कोन पेऊन आलं?"

"कोणी नाही, आजी," लेक घाईनं म्हणाली. "केकमध्ये थोडी रम टाकली आहे. मी टाकली. वासासाठी."

माय ओट्यापर्यंत आली, कढईत डोकावली, तळाला चिकटलेलं कॅरमेल बघितलं. मग खुर्ची ओढून बसली. रागावली नव्हती. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"वासासाठी," ती म्हणाली. "अस्सा वास यायचा तुह्या आज्याचा."

"आई तेच सांगत होती आत्ता," लेक म्हणाली. "आजोबा नकला करायचे म्हणे. हसवायचे सगळ्यांना."

"करे ना. लय हासवे." माय माझ्याकडे बघत होती. "तुले तेच आठवते, नाई?"

"हो, माय."

"तू झोपून जाये मंग. तुम्ही सारेच झोपून जा हसून हसून. मंग माही पाळी राहे."

लेकीनं हातातलं फडकं खाली ठेवलं. माझ्या डोळ्यांपुढे सकाळची माय आली, चुलीपाशी बसलेली, खांद्याला हळद लावलेली. पाण्याची घागर लागली म्हणायची. बाजाराच्या दुसऱ्या दिवशीच घागर कशी लागते, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

"कधी सांगितलं नाई तू," मी म्हटलं.

"काय सांगू? लेकराइले एक दिवस बाप भेटे आठवड्यातून. तो बी हिसकून घेऊ काय?"

मी तिच्या खुर्चीजवळ खाली बसले. तिनं माझ्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. गुडघा दुखतो म्हणाली, आणि पोरीला चहा ठेवायला सांग म्हणाली. चहा लेकच करायला लागली. तिचे डोळे भरले होते, म्हणून ती पातेल्याकडेच बघत राहिली.

केक बाहेर काढला तेव्हा बाजू सुटल्या होत्या. फार गरम असताना उलटवला तर कॅरमेल ओघळतं, गार झाल्यावर उलटवला तर चिकटतं, असं लेक सांगत होती, पण मायच्या बोलण्यानंतर तिचं लक्ष उडालं होतं. उशीर झाला. दोन चकत्या डब्याला चिकटून राहिल्या. तिनं त्या सुरीनं सोडवून जागच्या जागी बसवल्या. जोड दिसतच होता.

संध्याकाळी ह्यांनी केक कापला. मायनं आधी जावयाला ओवाळलं, टोपी घालायला लावून, मग नारळ हातात दिला. सगळ्यांना ताटल्या गेल्या. लेक मायपुढे येऊन अवघडून उभी राहिली.

"आजी, तुझ्यासाठी शिरा केला आहे."

"शिराच दे मले. हे मी नाई खात." मग तिचा चेहरा बघून म्हणाली, "तुहा राग नाई मले, पोरी. माह्याच्यानं होत नाई. तुम्ही खा पोटभर."

मी खाल्ला. संत्र्याची कड जरा कडवट होती, मग गोड, आणि अगदी शेवटी तो वास घशात उतरला. केक चांगला झाला होता. तो चांगला झाला आहे हे मायसमोर बसून कळणं मला जड गेलं. ह्यांनी दुसरा तुकडा मागितला तेव्हा मायनंच ताटली पुढे केली.

वडिलांच्या त्या चाली मी अजून विसरलेले नाही. पोस्टमनची, पाटलीणबाईची, बैलाची. त्या खोट्या होत्या असं मला म्हणता येत नाही. पण आता त्या आठवल्या की मी मनानं ओसरीवर थांबत नाही, मधल्या दाराकडे बघते. आम्ही हसत असताना माय कुठे उभी असायची, हे आठवायचा प्रयत्न करते आणि ते काही केल्या आठवत नाही.

मी अलीकडे गावी जास्त जाते. मायजवळ वाल सोलत बसते. विचारलं तर ती काही सांगत नाही. पण कधी कधी काम करता करता आपणहून एखादं वाक्य बोलते, आणि मी हातातली शेंग तशीच धरून ऐकते.